नळ्यांची वाटणी
वाटणीत विहीर, बैल, कारखान्याचे शेअर, सगळं निम्मं झालं. वडिलांच्या दुनळी बंदुकीची डावी नळी गहिनीनाथला गेली, उजवी राधाकिशनला. भावांत नऊ वर्षं अबोला राहिला. दुष्काळात उरलेल्या उसात रानडुकरं घुसली; छर्रे तिथवर पोचेनात. म्हणून आईनं परळीच्या इलियास मिस्त्रीकडून बंदुकीची रायफल करून घेतली. “दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागल्या, तरच माझं काम खरं,” मिस्त्री म्हणाला. दूर बांधावर डबा ठेवला. भावांनी पाळीपाळीनं आपापल्या नळीचा चाप ओढला. डब्याला भोक एकच! “माझं हाय,” गहिनीनाथ पुटपुटला. “तुझी गोळी लागलीच न्हाई बे!” राधाकिशन त्याच्यावरच ओरडला. “डोळे फुटले का तुझे?” गहिनीनाथही उसळला. दोन्ही गोळ्या त्याच भोकातून गेल्यात, हे सांगायला मिस्त्री पुढं झाला. आईनं त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला: “भांडू द्या, नऊ वर्षांनी बोलायलेत.”