शेजारची सीट

पिकअप लिटरमागे बारा किलोमीटरवर आली. मुलाने टायरची हवा तपासली, एअर फिल्टर बदलला आणि शेवटी त्याची नजर गेली ती केबिनमध्ये बापाशेजारी बसलेल्या आईवर. "आई, वजन वाढलं की डिझेल जास्त लागतं. उद्यापासून तू घरीच थांब."

तीस वर्षांची तिची जागा ती. "मागचे साठ पाण्याचे जार याला जड नाहीत, आई तेवढी जड झाली," म्हणत ती उतरली आणि दार असं आपटलं की आरसा हलला.

आठवड्याने मुलाने पुन्हा अ‍ॅव्हरेज काढलं, तर गाडी आणखी घसरून दहावर आलेली. "बाबा, गाडी दामटता की काय हल्ली?"

बाप बूट काढता काढता म्हणाला, "दामटतो तर. ही शेजारी असताना कसली घाई? आता कधी एकदा घरी पोचतो असं होतं."

आईला हसू आवरेना, पण तोरा सोडेल तर शपथ. "उद्यापासून मी जाणार," ती मुलाला म्हणाली. "डिझेल काय नळाला येतं?"