चार नंबरचा माणूस

पडद्यावर पुन्हा हानुसचंच नाव आलं. रान्वाने कॉफीचा कप खाली ठेवला.

हानुसला जाऊन चार महिने झाले होते. क्लाक्सविक बंदरातल्या त्या छोट्या कचेरीत ती टीमसाठी नवा सर्व्हर उभा करत होती. प्रोग्रामची कुठली ओळ कुणी, कधी लिहिली, याची नोंद तो ठेवणार होता. जुन्या यंत्रातला इतिहास सकाळपासून त्यात उतरत होता. आणि तिने स्वतः लिहिलेल्या ओळींपुढे त्या मेलेल्या माणसाचं नाव उमटत होतं.

एका ओळीपुढची तारीख तिला पक्की आठवत होती. त्या आठवड्यात हानुस कोपनहेगनच्या इस्पितळात होता. तरी नाव त्याचंच. बाहेर भरदुपारी धुकं खिडक्यांना चिकटलं होतं.

"सीमुन, माझं पहिलं वर्षच गायब आहे! सगळं हानुसच्या नावावर."

टीमप्रमुख सीमुन जागचा हललाही नाही. "म्हातारा मेला तरी पिच्छा सोडत नाही बघ. एक माणूस बुडवला, आता तुझं कामही गिळतोय. बदलून टाक."

बुडवला होता खरा. त्यांचा प्रोग्राम मासेमारीच्या बोटींवर चाले. बोट दहा मिनिटं गप्प राहिली की किनाऱ्यावर भोंगा वाजायचा. तीन वर्षांपूर्वी एक बोट उलटली आणि भोंगा वाजलाच नाही. कुणीतरी दहा मिनिटांच्या जागी दहा तास लिहिले होते. चौकशीत त्या ओळीपुढे हानुसचं नाव निघालं. "चूक माझीच," एवढंच बोलून तो नोकरी सोडून गेला. पुढचं काम दुसऱ्या यंत्रावर गेलं आणि ते जुनं यंत्र मग कुणी उघडलंच नाही. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलं. ज्याने तिला हाताला धरून काम शिकवलं, तो समोरून आला की रान्वाही रस्ता ओलांडायची.

तिने नावांची जुनी यादी उघडली. जुन्या यंत्रात प्रत्येकाला नंबर होता आणि कुठला नंबर कुणाचा, ते या यादीत होतं. तिचा नंबर चार. यादीत चारपुढे लिहिलं होतं: हानुस.

चिडून तिने ते खोडलं, स्वतःचं नाव घातलं आणि इतिहास पुन्हा उतरवायला लावला. हानुस एकेका ओळीवरून मागे सरकू लागला. त्याच्या जागी रान्वा, रान्वा, रान्वा.

मग ती भोंग्याची ओळ आली. दहा तास. पुढे: रान्वा.

तिने ती यादी पुन्हा उघडली. तिच्याआधी चारपुढचं नाव कुणी, कधी बदललं होतं ते पाहिलं. बोट बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहा वाजता. बदलणाऱ्याचा नंबर: एक. यादीत एकपुढे: हानुस.

"काय गं, लागली का नावं जागच्या जागी?" सीमुनने पलीकडून विचारलं.

आपलं नाव पुन्हा पुसून टाकायला एक कळ पुरली असती. रान्वाने पडदा त्याच्याकडे वळवला.

"लागली," ती म्हणाली. "ये, वाच."