धनजच्या दरबारात

"भाऊजी, एकेक शब्द असाच्या असा सांगजा. घोटभर पानी घालू नोका त्यात."

रंगूबाई उंबऱ्यावर उभी होती. नानाजीने टोपी झटकली आणि मान डोलावली.

"म्हना, रूपालीले सातवा लागला. पहिलं बाळंतपन मायच्या घरी असते, हे धनजच्या लोकाइले ठाऊक नसन तर आमी शिकवतो. लेक दिली, बकरी नाही विकली. गुमान धाडा."

नानाजी तिचा धाकटा दीर. रूपालीच्या लग्नात तिच्या सासूने, भागिरथाने, आहेराचं लुगडं भर मांडवात परत केलं होतं. "आमच्याकडं असं बुजगावन्याले नेसवते," म्हणाली होती. तेव्हापासून दोघी विहिणींचं बोलणं बंद. फोन घरोघरी आहेत, पण फोनवर लेक आणता येत नाही. माणूस जावा लागतो, मानाचा. म्हणजे केनवड हे रंगूबाईचं राज्य, धनज हा परका मुलूख आणि नानाजी राज्याचा वकील. राजाच्या वकिलाने काय करायचं, तर इकडचं तिकडे सांगायचं, तिकडचं इकडे आणायचं. शहाणपण करायला तो लागत नाही. ते रंगूबाईपाशी भरपूर होतं.

दुसऱ्या दिवशी सांजच्याला नानाजी एकटाच परतला.

"काय म्हने ते भवानी?"

नानाजीने पाय धुतले. सावकाश पुसले. "म्हने, पोरीबिगर मले करमत नाही, वैनी. आठक दिस राहू द्या, मंग मी सोता आनून सोडते."

रंगूबाईच्या जिभेवर शिव्या तयार होत्या. त्या आता कुठे टाकाव्या, तिला कळेना. जेवताना तिने पुन्हा विचारलं, "करमत नाही म्हनली?"

"तं काय," नानाजी भाकर कुस्करत म्हणाला.

आठवड्याने दारात गाडी थांबली. पुढून भागिरथा उतरली. मागच्या दारातून रूपालीने एक पाय खाली टेकवला, सुजलेला, आणि तशीच दम घेत बसून राहिली. रंगूबाई उंबरा ओलांडून पुढे झाली. लेक घरी यावी, एवढं एकच तर तिला पाहिजे होतं.

भागिरथा अंगणातच थांबली. "तुमी हात जोडून बोलावलं म्हनून आनली, ईनबाई. चुकलं-माकलं पोटात घाला म्हनल्या, मंग म्या तरी कितीक तानू? नाहीतर सातव्यात काय, नवव्यातही धाडली नसती."

रंगूबाईच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. हात जोडले? तिने? नवऱ्यापुढे कधी जोडले नाहीत, देवापुढे जोडते तेही तोऱ्यात. तिने नानाजीकडे पाहिलं. नानाजी गाडीतून पिशवी काढत होता. पिशवी हलकी होती, पण निघतच नव्हती.

"तुमालेही करमत नव्हतं म्हने, माह्या पोरीबिगर," रंगूबाई दात आवळून म्हणाली.

"मी? कोनाले म्हनलं मी?" भागिरथा ताठ झाली. मग तिची नजर रूपालीवर गेली. पोरगी डोळे मिटून रुमालाने मान पुसत होती. भागिरथाचा आवाज उतरला. "नाही करमत. खरं हाय. पन हे म्या कोनापाशी कधी बोलली नाही."

ती गर्रकन वळली. "मंग तुमचं तरी खरं हाय काय, ईनबाई? का तेही या मानसानंच बनवलं? सांगा, नाहीतर गाडी इथूनच फिरवते."

गाडीवाल्याने इंजिन बंद केलेलं नव्हतं. रूपाली आता मायकडे पाहत होती. नानाजीच्या हातातली पिशवी होती तिथेच थांबली.

रंगूबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"आमचे भाऊजी जन्मात खोटं बोलले नाहीत," ती म्हणाली, आणि तिने विहिणीपुढे हात जोडले.