छातीशी धरलेलं होकायंत्र

दुकानदाराने फरशीवर आपटून दाखवलं तरी टवकाही उडाला नाही, म्हणून भावाचं न ऐकता तिने तेच दणकट होकायंत्र घेतलं होतं. आता डोंगरमाथ्यावर धुकं इतकं दाटलं की त्या काट्याचाच काय तो आधार. होकायंत्र छातीशी धरून ती दिशा सांगायची. धाकटा भाऊ दिसेनासा होण्याआधी थांबायचा, मग ती त्याला गाठायची. “थोडा डावीकडे. हं, जा सरळ.” या खेपेला तो धुक्यात विरघळलाच. रेंज आली का बघायला तिने छातीवरच्या खिशातून मोबाइल काढला, आणि काटा गर्रकन फिरला. मोबाइलच्या कव्हरला चुंबकी बटण! मघापासून काटा उत्तर दाखवतच नव्हता. भावाला तिने दरीकडे धाडलं होतं. “थांब! हलू नकोस!” “थांबलोय गं ताई,” धुक्यातून कापरा आवाज आला. “पण पायाखालचा दगड थांबत नाहीये.”