कोऱ्या कागदावरची सही

वकिलांच्या मोठ्या फर्मने गोदाक्काला फुकट वकीलबाई दिली होती, तरी कोर्टाच्या व्हरांड्यात म्हातारी अंगठा पदराआडून बाहेर काढेना. मागल्या फुकट वकिलाने कोऱ्या कागदावर तिचा अंगठा घेऊन घर दिराच्या घशात घातलं होतं.

शिपायाने तिच्या नावाचा पुकारा केला.

"आक्का, वकीलपत्रावर अंगठा नसेल तर मला आत बोलता येणार नाही!"

"तोही असंच म्हणाला होता."

वकीलबाईने एक कोरा कागद काढला, तळाशी स्वतःची सही ठोकली आणि तो तिच्या हातात कोंबला. "घ्या. आता मीच तुमच्या हातात."

दुसरा पुकारा झाला. गोदाक्का त्या सहीकडे बघत राहिली. मग तिने कागद टराटरा फाडला.

"कोऱ्या कागदावर सही करतात का गं, पोरी?" ती कडाडली. "आण ती शाई."