घरकोंबडा

सहा वर्षांचा ईशान दोन जिने चढला तरी धापा टाकायचा. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलंच नाही. रोज तासभर पळवा, घाम येऊ दे, म्हणाल्या.

"बापावर गेलाय!" अनंतराव मुलावर घसरले. "निहार, सगळी पोरं खाली धुडगूस घालायची, तू कधी दिसलास का रे? घरकोंबडा नुसता!"

निहार लॅपटॉपमधून मान वर न काढता नुसता हसला.

अनंतराव मुलुंडच्या त्या सोसायटीचे तीस वर्षं सेक्रेटरी. कंपाउंडमध्ये खेळायला बंदी त्यांचीच. त्यांची चाहूल लागली की पोरं पसार व्हायची, बॉल तेवढा हाती लागायचा. पण नातवापुढे कसला आलाय नियम! त्यांनी ऑफिसचं कपाट उघडलं, जप्त केलेल्या ढिगातला एक जुना रबरी बॉल काढला आणि ईशानच्या हातात ठेवला. "हं, पळ आता!"

ईशान जागचा हलला नाही. बॉलवर पेनाने कोरलेली वेडीवाकडी अक्षरं तो बोट ठेवून वाचत होता.

"नि... हा... र. आजोबा, हा तर बाबांचा बॉल!"