नियमाचा अर्थ

रग्बी लीगच्या पंचांचे प्रमुख गार्साइड मंगळवारी क्लबात नियम समजावायला आले होते. "डोक्यावर हात पडला की लाल कार्ड, मग खेळाडू कुणीही असो!" त्यांनी छातीठोकपणे सांगितलं.

समोर बसलेल्या मॉरीनला ते ऐकवेना. तिनं उठून फोन त्यांच्यापुढे धरला. पडद्यावरच्या फोटोत फक्त एक हात आणि त्याखाली चेपलेला चेहरा दिसत होता.

"याला काय द्याल?"

"लाल कार्ड. यात विचारायचं काय, बाई?"

मॉरीननं फोटो लहान केला. आता त्यात शेजारीच गार्साइड उभे दिसले, 'खेळ चालू द्या' म्हणून हात हलवत.

ते खाकरले. "तेव्हा आम्ही नियमाचा अर्थ जरा वेगळा लावत होतो."

"तेव्हा म्हणजे परवाच्या शनिवारी," मॉरीन म्हणाली. "माझ्या मुलाचा, लाइलचा जबडा तारेनं बांधलाय. त्याचं तोंड उघडेपर्यंत आणखी किती अर्थ लावणार आहात?"